दोन तास कोण सांभाळेल?

मागच्या वर्षी मार्चमध्ये माझ्या बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे जड काही उचलायचं नाही, दगदग करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आमचा सोनू तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो स्वमग्न आहे, हल्ली सगळे ऑटिस्टिक म्हणतात. आठवड्यातून तीन दिवस त्याला भांडुपहून दादरला थेरपीला न्यावं लागतं, आणि तो तीन वर्षांचा असल्यापासून हे काम त्याच्या आईने केलेलं. मी बँकेत नोकरीला. फी भरणं, फॉर्म भरणं, डॉक्टरांकडे सोबत जाणं एवढं माझ्याकडे होतं आणि तेवढ्यात माझा वाटा पुरा होतो असं मी धरून चाललो होतो. आता रजा टाकली आणि पहिल्यांदा त्याचा हात धरून तो सगळा रस्ता मी चाललो.

थेरपी ४५ मिनिटांची. रिक्षा, पूल, गाडी, पुन्हा पूल, दादरची गर्दी, आणि हेच सगळं उलट्या दिशेने. घर सोडल्यापासून परत घरी येईपर्यंत साडेतीन तास जातात. फास्ट गाडीची रेटारेटी सोनूला सोसत नाही, म्हणून स्लोच पकडायची. स्टेशनं त्याला तोंडपाठ आहेत. गाडीतली बाई बोलायच्या आधी तो तिच्याच आवाजात म्हणतो, ‘पुढील स्टेशन, विद्याविहार.’ एरवी दिवसभरात त्याच्या तोंडून दहा शब्द निघणं कठीण, पण हे वाक्य तो एकदाही चुकत नाही. कुर्ल्याला माणसं आत घुसली की दोन्ही तळवे कानांवर दाबतो आणि मागेपुढे डुलायला लागतो.

दुसऱ्याच फेरीला दिव्यांगांच्या डब्यात एका गृहस्थांनी मला हटकलं. ‘याला काय झालंय? पोरगा चांगला धडधाकट दिसतोय.’ मी सोनूच्या गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी ते नीट वाचलं, ओशाळले, उठून सोनूला खिडकी दिली. मग हात जोडून म्हणाले, ‘धन्य आहे तुमची. देव अशी मुलं मोठ्या मनाच्या आईबापांच्याच पदरात टाकतो.’ माणूस मनापासून बोलत होता. स्वतः काठीवर चालणारा होता, दुःख त्याला परकं नव्हतं. त्या वाक्यातली माया मला कळते. पण हे वाक्य मी नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, ऑफिसात शेकडो वेळा ऐकलेलं आहे, आणि प्रत्येक वेळी त्याच्यापुढे बोलणं सरकत नाही. देवानेच निवडून दिलेली कामगिरी म्हटल्यावर शेजाऱ्याने, शाळेने, महापालिकेने करायचं तरी काय उरतं?

घरी येऊन मी हिशेब मांडला, सवयच आहे. आठवड्याला साडेदहा तास. कोविडचा काळ वगळून सहा वर्षं धरली, वर्षाचे पन्नास आठवडे धरले, तरी ३,१५० तास होतात. त्यातली प्रत्यक्ष थेरपी ६७५ तासांची. बाकीचे जवळजवळ अडीच हजार तास गाडीत, पुलावर आणि बाकावर गेलेले. एका माणसाची वर्षभराहून अधिक पूर्ण वेळची नोकरी होते एवढी. सोनूच्या आईने नोकरी का सोडली याचं कारण मला वाटायचं की मला माहीत आहे. त्या संध्याकाळी ते आकड्यांत समोर आलं.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. विशेष मुलाच्या घरात सगळ्यांत आधी वेळ संपतो, आणि तो बहुतेक घरांत आईचा असतो. पैसा त्यानंतर संपतो, धीर त्याच्याही नंतर. हा वेळ भरून देणं हे शहराचं काम आहे, जसं घरापर्यंत पाणी आणणं हे शहराचं काम आहे. आणि मुंबईत ते करता येण्यासारखं आहे.

थेरपी सेंटरच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये एक लांब बाक आहे. त्यावर रोज त्याच चारपाच जणी असतात. एक विरारहून येते. ती पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळून बसल्या बसल्या झोपते आणि तिच्या मुलीची वेळ संपायच्या मिनिटभर आधी बरोबर जागी होते. एक जण मांडीवर वर्तमानपत्र पसरून गवार मोडत असते, संध्याकाळची भाजी तेवढीच मार्गी लागते. तिसऱ्या दिवसापर्यंत त्या माझ्यासमोर अवघडून गप्प होत्या, मग हळूहळू बोलत्या झाल्या. कुठल्या स्टेशनवरची लिफ्ट चालू असते, कुठल्या रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी सकाळी किती वाजता रांगेत उभं राहावं, कुठला रिक्षावाला मुलगा ओरडला तरी चिडत नाही, हे सगळं ज्ञान त्या बाकावर मिळतं.

त्यातली एक विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगरावरच्या वस्तीत राहते. मुलगा नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही. त्याला कडेवर घेऊन ती डोंगर उतरते. चार घरची धुणीभांडी करते आणि थेरपीच्या दिवशी त्यातली दोन घरं बुडतात. तिची कमरेची दुखणी सुरू झाली आहेत. मी बँकेत आहे कळल्यावर मला वाटलं ती कर्जाबद्दल विचारेल. ती म्हणाली, ‘पैशाचं मी बघते दादा, कसंबसं करते. दोन तास याला कोण सांभाळेल तेवढं सांगा.’

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर मी जे काही वाचलं आणि विचारलं ते तिच्या प्रश्नासाठी.

सरकारी मदत नाहीच असं नाही. पण ती कुठे पोहोचते ते पाहा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला ५०,००० रुपयांची. म्हणजे महिन्याला साधारण ४,२०० रुपये. मुंबईत चार घरची भांडी घासणारी बाई या अटीतच बसत नाही. दुसऱ्या टोकाला माझ्यासारखा पगारदार. आयकरात दिव्यांग अपत्यासाठी ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व तीव्र असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. मात्र नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, आणि आता नवी प्रणालीच आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर तशी निवडावी लागते. बँकेत काम करणाऱ्या मला हे माहीत असतं, बाकावरच्या किती जणींच्या नवऱ्यांना माहीत असेल? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंतची आहे, तिच्यात थेरपीचाही काही खर्च निघतो. ती चांगली योजना आहे आणि ज्यांनी घेतली नसेल त्यांनी जरूर घ्यावी. पण यातल्या एकाही योजनेत त्या बाईचे दोन तास नाहीत.

शाळेकडे येतो. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा हा आपल्याकडचा अतिशय चांगला कायदा आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्याने ते २१ केले आणि स्वमग्नतेला स्वतंत्र जागा दिली. सरकारी मान्यता असलेल्या शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करायची, हे त्यात लिहिलेलं आहे. ज्यांच्या प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अपंगत्व आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ते शेजारच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत हे कुटुंबाने ठरवायचं.

सोनूसाठी आम्ही सहा शाळा फिरलो. कोणी हाकलून दिलं नाही. एका मुख्याध्यापिकाबाईंनी चहा पाजला आणि म्हणाल्या, ‘आमच्याकडे सोय नाही, त्याच्याच भल्यासाठी सांगते.’ सहाव्या शाळेने घेतलं, पण शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्याच सोबत बसणारी शिक्षिका, तुम्ही आणा आणि पगार तुम्ही द्या या अटीवर. महिन्याला १२,००० रुपये आम्ही दोन वर्षं दिले. आम्हाला ते शक्य झालं. पार्कसाइटच्या डोंगरावरून ते शक्य होणार नाही, आणि म्हणून तिचा मुलगा शाळेत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक वर्गांत दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढच्या वर्गांत पंधरांमागे एक, असं प्रमाण सांगितलं. २०२५ च्या मार्चमध्ये राज्यांनी ही पदं जाहीर करावीत म्हणून न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. मधल्या काळात अनेक ठिकाणी काम चालतं ते फिरत्या विशेष शिक्षकांवर. एक शिक्षक, बऱ्याच शाळा, प्रत्येक शाळेत आठवड्यातला एखादा दिवस. हे शिक्षक जीव तोडून काम करतात. पण मूल आठवड्यातून एकच दिवस ऑटिस्टिक नसतं.

बाकीच्या पालकांची तक्रार असते की असं मूल वर्गात असलं की आमच्या मुलांच्या अभ्यासाचं नुकसान होतं. या तक्रारीला मी हसून उडवून लावणार नाही. पन्नास मुलांच्या वर्गात एक मूल किंचाळायला लागलं, चावायला लागलं, तर एकट्या बाईंनी काय करायचं? तिथे दुसरं मोठं माणूस लागतंच. पण सोनूच्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. शाळेची घंटा त्याला सहन व्हायची नाही, तो बाकाखाली शिरायचा. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने आपणहून एक युक्ती काढली. घंटेच्या दोन मिनिटं आधी ती त्याच्यासमोर दोन बोटं धरते. तो कानांवर हात ठेवून तयार बसतो. घंटा होते, तो हात काढतो, वही उघडतो. एवढ्याशा गोष्टीने बाकाखाली शिरणं थांबलं. त्या मुलीचं यात काही नुकसान झालं असं मला वाटत नाही. तिला कोणी शिकवलं नव्हतं. मोठ्यांनी थोडं शिकून घेतलं तर काय काय होऊ शकेल.

विशेष शाळा की सर्वसाधारण शाळा, या वादात मी पडत नाही. काही मुलांना लहान, शांत, त्यांच्यासाठीच आखलेली शाळा लागते. या शहराला त्याची मोठी परंपरा आहे आणि ती कोणी उभी केली हे लक्षात घेण्यासारखं आहे. शिवडीची जय वकील शाळा १९४४ मध्ये सुरू झाली, ती एका आईवडिलांनी आपल्या मुलीसाठी सुरू केलेली. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक सोसायटी काढली, त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती आणि तिला घेईल अशी शाळा नव्हती. बदलापूरला प्रौढ मतिमंदांना कायमचं राहता यावं म्हणून ‘आधार’ उभी राहिली, ती पालकांनीच एकत्र येऊन उभारली. या सगळ्यांपुढे मी नतमस्तक आहे. पण ऐंशी वर्षं होऊन गेली तरी या शहरात विशेष मुलासाठी नवीन काही उभं राहायचं तर आधी एका आईबापाच्या पोटात आग पडावी लागते. आपल्या घरासमोरचा रस्ता कोणी स्वतः खडी टाकून बांधत नाही. नळाला पाणी यावं म्हणून कोणी तलाव खोदत नाही. मग हे एकच काम ज्याचं त्याने का करायचं?

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेचं प्रकरण आलं. मुलगा हाडांच्या जन्मजात आजाराने त्रस्त, तिच्या सगळ्या रजा संपलेल्या, आणि राज्याच्या नियमांत बालसंगोपन रजाच नव्हती. न्यायालयाने म्हटलं की स्त्रियांचा नोकरीतला सहभाग हा घटनेने दिलेल्या हक्काचा भाग आहे आणि विशेष मुलाच्या आईला अशी रजा नाकारणं म्हणजे हा सहभाग सांभाळण्याच्या सरकारच्या कर्तव्यात कसूर करणं. फार मोलाचा निकाल आहे. तरी तो सरकारी नोकरीतल्या आयांना उपयोगी पडेल. धुणीभांडी करणाऱ्या बाईला रजा कोण देणार? आणि एक बाप म्हणून मला याचीही खंत वाटते की केंद्र सरकारच्या नियमांतही बापाला ही रजा तो एकटा पालक असला तरच मिळते. घरात आई असली की बापाचे तास कोणी धरतच नाही. त्या तीन आठवड्यांपूर्वी मीही धरत नव्हतो.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप, आणि तो माझ्या स्वतःच्या आईने घेतला. ‘आई जिवंत असताना पोराला परक्याच्या हाती कशाला द्यायचं? त्याला तर धड सांगताही येत नाही, कोणी मारलं-बिरलं तर?’ ही भीती खरी आहे. बोलू न शकणाऱ्या मुलाला इजा झाली तर ते कोणाला सांगणार, या विचाराने आम्हालाही रात्री झोप लागलेली नाही. पण म्हणूनच ही सोय सार्वजनिक हवी, नोंदणी झालेली, प्रशिक्षित माणसांची, वस्तीतल्या लोकांच्या येण्याजाण्यातली. आज काय चालतं? बाकावर मी ऐकलं की काही आया दाराला बाहेरून कडी घालून कामावर जातात. ते सांगताना कोणाचाही आवाज चढला नाही आणि कोणी त्या आयांना नावं ठेवली नाहीत. हे मूल सुरक्षित आहे असं कोण म्हणेल?

आणि माझ्या आईच्या प्रश्नाला दुसरंही एक उत्तर आहे, ते सोनूने दिलं. ऑपरेशनच्या दिवशी त्याची आई दवाखान्यात होती. मी त्याला वरणभात भरवायला बसलो. त्याने तोंड उघडलं नाही. रात्रीही नाही. दुसऱ्या दिवशी दुधावर आणि बिस्किटांवर राहिला. अकरा वर्षं एका घरात राहिलेला त्याचा बाप समोर ताट घेऊन बसलेला, आणि तो भिंतीकडे बघतोय. तिसऱ्या दिवशी फोनवर त्याच्या आईने सांगितलं, भात बोटांनी पार मऊ कालवायचा, वरणातली कोथिंबीर एकूण एक वेचून काढायची, हिरवा ठिपका दिसता कामा नये, आणि घास ताटाच्या डाव्या कडेला आणून थांबायचं, तो स्वतः उचलतो. तसं केलं. पाच मिनिटं काही झालं नाही. मग त्याचा हात आला.

स्वतःच्या बापाच्या हातचं खायला त्याला तीन दिवस लागले. उद्या आम्ही दोघं नसू तेव्हा तो चाळीस वर्षांचा असेल. त्या दिवशी अनोळखी माणसाच्या हातचा पहिला घास त्याने घ्यावा अशी अपेक्षा करणं हा त्याच्यावर मोठा अन्याय होईल. आईशिवाय दोन तास राहायची सवय त्याला आत्ता, लहानपणी, रोजच्या रोज लागायला हवी. ती त्याच्याही गरजेची गोष्ट आहे.

बँकेच्या काउंटरवर या प्रश्नाचं पुढचं रूप मला दिसतं. सत्तरी ओलांडलेले वडील, सोबत चाळिशीची मुलगी. तिच्या नावाने खातं काढायचंय, पेन्शनमधले चार पैसे तिच्यासाठी बाजूला टाकायचेत. बऱ्याच जणांना तिथे पहिल्यांदा कळतं की मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं आणि आईबाप आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते, आणि ते बँकेत चालतं. मी कागदावर सगळं लिहून देतो. ते वडील कागदाची घडी करून खिशात ठेवतात आणि मग हमखास एकच विचारतात, ‘आणि आमच्यानंतर?’ त्याचं उत्तर माझ्या काउंटरवर नसतं.

मागणी काय आहे ते स्पष्ट लिहितो. मुंबईच्या प्रत्येक वॉर्डात निदान एक अशी जागा असावी जिथे थेरपी मिळेल आणि मुलाला काही तास विश्वासाने ठेवताही येईल. दोन्ही एकाच छपराखाली, एका रिक्षाच्या अंतरावर. सकाळी लहान मुलं, दुपारी शाळेतून सुटलेली, आणि वेगळ्या खोलीत १८ वर्षांपुढची, ज्यांची शाळा संपल्यावर दिवसच रिकामा होतो. ही काही नवीन कल्पना नाही. राष्ट्रीय न्यासाच्या योजनांमध्ये लहान मुलांसाठी ‘दिशा’, मोठ्यांच्या दिवसाच्या सोयीसाठी ‘विकास’, पालकांना काही काळ उसंत मिळावी म्हणून ‘समर्थ’, कायमच्या निवाऱ्यासाठी ‘घरौंदा’ आणि काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठी ‘सहयोगी’ अशी नावं आधीच आहेत. म्हणजे आईबापाला उसंत लागते हे सरकारने मान्य केलेलं आहे. पण या योजना चालवायला पुन्हा एखादी संस्था पुढे यावी लागते, आणि संस्था जिथे आहे तिथे सोय, नाही तिथे नाही. ० ते १८ वयाच्या मुलांमधला विकासातला मागासलेपणा लवकर ओळखण्यासाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये इथूनच, पालघरमधून सुरू झाला. ओळखलं, नाव दिलं, त्यानंतरची रोजची वर्षं कुठे काढायची, ही पुढची पायरी आपण बांधलेली नाही.

जागेचं म्हणाल तर महापालिकेच्या शाळांमध्ये पटसंख्या घटून रिकाम्या पडलेल्या खोल्या आहेत. तळमजल्याच्या दोन खोल्या आणि एक स्वच्छतागृह एवढ्यावर सुरुवात होते. माणसांचं म्हणाल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेले थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक लागतील, आणि त्यांच्या हाताखाली वस्तीतल्याच बायका तयार करता येतील. बाकावरच्या त्या पाच जणींना जेवढं कळतं तेवढं अनेक पुस्तकांत सापडणार नाही. त्यांना मानधन देऊन हे काम द्या. पैशाचं म्हणाल तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा असा राज्याचा नियम आहे. दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये काढला. त्या विभागाने तीनचाकी सायकली आणि प्रमाणपत्रांइतकंच महत्त्व या तासांना द्यावं, इतकं मागायचा अधिकार आम्हाला आहे.

हे सगळं दोन पानांत लिहून बाकावरच्या पाच जणींच्या आणि माझ्या सह्यांनिशी आम्ही वॉर्ड ऑफिसात दिलं. पार्कसाइटच्या बाईने मुलाला मांडीवर घेऊन सही केली. पोच मिळाली आहे, आवक क्रमांक माझ्या पाकिटात आहे. प्रत्येक वॉर्डातल्या पालकांनी असाच अर्ज द्यावा, नमुना मी आनंदाने देईन.

तोवर आमच्या मजल्यावरच्या जोशीकाकू आहेत. ऑपरेशननंतर त्या सोनूच्या आईला बघायला आल्या आणि म्हणाल्या, ‘शनिवारी चार ते सहा याला माझ्याकडे सोडत जा.’ नमस्कार केला नाही, धन्य वगैरे म्हणाल्या नाहीत. दोनदा आमच्या घरी येऊन तो काय खातो, कशाने घाबरतो, मिक्सर लावायचा तर आधी कसं सांगायचं, ते विचारून गेल्या. पहिल्या शनिवारी सोनू त्यांच्या दारात अर्धा तास उभा होता. आता जातो, त्यांच्या खिडकीतून गाड्या बघतो आणि त्यांना स्टेशनं म्हणून दाखवतो. त्या दोन तासांत पहिल्या महिन्यात त्याची आई नुसती झोपली. आता तिने शिवणाचा जुना क्लास पुन्हा धरलाय.

काकू एकाहत्तर वर्षांच्या आहेत. पुढच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी सोनूसाठी चार शनिवारांवर फुली मारून ठेवली आहे, म्हणजे त्याला आधीच दिसेल.